पेशी प्रथिन कसे बनवते? हिमोग्लोबिनच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीच्या विज्ञानात ‘सेंट्रल डोग्मा’ दोन-तीन पानांत उरकतो. डीएनएवरून आरएनए, आरएनएवरून प्रथिन. परीक्षेपुरते तेवढे पुरते. पण गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट किंवा नंदुरबारकडे एखाद्याच्या हातात सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचा ‘एएस’ असा रिपोर्ट पडतो, तेव्हा त्या एका ओळीतून काहीच उलगडत नाही. म्हणून इथले बहुतेक प्रश्न एकाच प्रथिनाचा माग काढत सोडवले आहेत: रक्ताला लाल रंग देणारे आणि प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन.

प्रथिन बनवायच्या सूचना असतात तरी कुठे?

पेशीच्या केंद्रकात, डीएनएच्या रूपात. माणसाच्या डीएनएचा एक संच ३०० कोटींहून अधिक अक्षरांचा असतो आणि असे दोन संच आपल्याकडे असतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. अक्षरे मात्र चारच: ए, टी, जी आणि सी. ही खरे तर चार रसायनांच्या नावांची आद्याक्षरे आहेत.

प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. अल्फाचे जनुक १६ व्या गुणसूत्रावर, बीटाचे ११ व्या. दोन वेगळ्या गुणसूत्रांवरच्या सूचनांमधून तयार झालेले तुकडे एकत्र येतात, तेव्हा एक कामाचा रेणू होतो. बीटाचे जनुक अगदी छोटे आहे, साधारण १,६०० अक्षरांचे. पुढे ‘बीटा’ म्हटले की हेच समजावे.

म्हणजे सगळा डीएनए प्रथिनांसाठीच असतो का?

नाही. माणसात प्रथिने सांगणारी जनुके सुमारे २०,००० आहेत आणि त्यातली प्रत्यक्ष प्रथिनाचा क्रम सांगणारी अक्षरे एकूण डीएनएच्या दोन टक्क्यांहूनही कमी भरतात. उरलेल्या भागात जनुके चालू-बंद करणाऱ्या जागा आहेत, ज्यांच्यापासून फक्त आरएनए बनतो अशी जनुके आहेत, जुन्या विषाणूंचे अवशेष आहेत आणि पुन:पुन्हा येणारे पुष्कळ तुकडेही आहेत.

डीएनए केंद्रकाबाहेर येतो का?

येत नाही. त्याची प्रत बाहेर येते. ‘आरएनए पॉलिमरेज’ नावाचे विकर (एन्झाइम) जनुकाच्या सुरुवातीला बसते, डीएनएचे दोन पदर थोडेसे उलगडते आणि एका पदरावरून जुळणारी अक्षरे जोडत पुढे सरकते. ही प्रत म्हणजे आरएनए. त्यात टीच्या जागी यू येतो. पाठ्यपुस्तकातले ‘प्रतिलेखन’ ते हेच. हे विकर काम करताना नेमके कसे दिसते हे दाखवल्याबद्दल रॉजर कॉर्नबर्ग यांना २००६ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

वेळ किती लागतो, हे जनुकाच्या लांबीवर आहे. बीटाचे काम मिनिटाच्या हिशेबात उरकते. स्नायूंमधल्या डिस्ट्रोफिन या प्रथिनाचे जनुक मात्र २० लाखांहून अधिक अक्षरांचे आहे. त्याची एक प्रत काढायला सुमारे १६ तास जातात!

काही विषारी अळिंब्या माणसाचा जीव घेतात त्या याच टप्प्यावर घाव घालून. त्यांच्यातले अल्फा-अमॅनिटिन हे विष या पॉलिमरेजला चिकटते आणि नव्या प्रती निघणे थांबते. आधी यकृत निकामी होते, कारण विष सर्वांत आधी तिथेच पोचते.

काढलेली प्रत जशीच्या तशी वापरली जाते का?

माणसात सहसा नाही. बीटाच्या जनुकात कामाचे तीन तुकडे असतात आणि त्यांच्या मध्ये दोन बिनकामाचे. पहिला बिनकामाचा तुकडा १३० अक्षरांचा, दुसरा सुमारे ८५० चा. प्रतीतून हे दोन्ही कापून काढावे लागतात आणि उरलेले तीन तुकडे एकमेकांना जोडावे लागतात. जनुके अशी तुकड्यातुकड्यांची असतात हे १९७७ मध्ये समजले, तेव्हा या क्षेत्रातले लोक चक्रावून गेले होते. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांना त्यासाठी १९९३ चे नोबेल मिळाले.

याशिवाय प्रतीच्या पुढच्या टोकाला एक ‘कॅप’ बसते आणि मागच्या टोकाला ए अक्षरांची लांब शेपटी लागते. ही दोन्ही नसतील तर आरएनए पेशीत टिकत नाही. सगळे सोपस्कार झाले की त्याला निरोपक आरएनए किंवा एम-आरएनए म्हणतात आणि तो केंद्रकाच्या छिद्रांतून बाहेर पडतो.

कापाकापी अचूक झाली नाही तर काय होते, याचे उदाहरण आपल्याकडे भरपूर सापडते. हिमोग्लोबिनची साखळी पुरेशी न बनण्याच्या आनुवंशिक आजाराच्या, म्हणजे थॅलेसेमियाच्या, जनुकीय रिपोर्टवर ‘आयव्हीएस १-५’ असे लिहिलेले असते. भारतात बीटा थॅलेसेमिया घडवणारा हा सर्वांत जास्त आढळणारा बदल. पहिल्या बिनकामाच्या तुकड्यातले पाचवे अक्षर जी असायला हवे, ते सी झालेले असते. गंमत बघा, हे अक्षर प्रथिनात उतरतच नाही, ते कापून टाकायचेच असते. पण कुठे कापायचे याची खूण त्याच्या आसपास असते. खूण बिघडली की कात्री भलतीकडे चालते, चांगल्या प्रती फार थोड्या निघतात आणि बीटा साखळी पुरेशी बनत नाही.

चार अक्षरांत वीस अमिनो आम्ले कशी सांगता येतात?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, आणि ही आम्ले वीस प्रकारची. ती सांगितली जातात तीन-तीन अक्षरांच्या गटाने. दोन-दोनचे गट केले तर १६ जोड्या होतात, म्हणजे वीसला कमी पडतात. तीनचे केले तर ६४ होतात. या त्रिकुटाला कोडॉन म्हणतात. ६४ पैकी ६१ कोडॉन कोणते ना कोणते अमिनो आम्ल सांगतात. यूएए, यूएजी आणि यूजीए हे तीन ‘इथे थांबा’ असे सांगतात. एयूजी म्हणजे मेथिओनिन, आणि बहुतेक वेळा सुरुवातही तिथूनच.

वाटणी समान नाही. ल्युसिनला सहा कोडॉन आहेत, तर ट्रिप्टोफॅनला बिचारे एकच. एका आम्लाचे अनेक कोडॉन सहसा तिसऱ्या अक्षरात वेगळे असतात. त्यामुळे तिसरे अक्षर बदलले तरी बऱ्याचदा प्रथिनाला त्याचा पत्ताही लागत नाही.

हे कोडे सोडवले कुणी?

एकट्याने कुणीच नाही. १९६१ मध्ये अमेरिकेत मार्शल नीरेनबर्ग आणि हाइनरिक मॅथाई यांनी फक्त यू अक्षरांचा आरएनए तयार केला आणि जिवाणू फोडून मिळवलेल्या रसात टाकला. त्या रसात पेशी जिवंत नव्हती, पण प्रथिने बनवायची सामग्री शाबूत होती. बाहेर आली ती फक्त फेनिलअॅलनिनची साखळी. यूयूयू म्हणजे फेनिलअॅलनिन, पहिला शब्द सुटला.

पुढची खरी मेहनत हरगोविंद खुराना यांची. आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातल्या रायपूर या छोट्या खेड्यात १९२२ मध्ये जन्मलेला हा रसायनशास्त्रज्ञ तेव्हा विस्कॉन्सिनमध्ये होता. हव्या त्या क्रमाचा आरएनए मिळवण्याची हातोटी त्यांच्या प्रयोगशाळेने साधली होती. यूसीयूसीयूसी असा आलटून-पालटून येणारा आरएनए त्यांनी वापरला. अशा दोरीत तीन-तीन अक्षरे मोजली तर कुठूनही सुरुवात करा, यूसीयू आणि सीयूसी हे दोनच कोडॉन एकाआड एक येतात. प्रथिनही अगदी तसेच निघाले: सेरिन, ल्युसिन, सेरिन, ल्युसिन. दोनचे किंवा चारचे गट असते तर असा आलटून-पालटून क्रम आलाच नसता. एका साध्या दोरीने दोन गोष्टी सिद्ध झाल्या, गट तीनचा आहे हे आणि ते दोन कोडॉन कशाचे आहेत हेही. मला हा प्रयोग या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो. १९६६ पर्यंत पूर्ण तक्ता हाती आला आणि १९६८ चे नोबेल नीरेनबर्ग, खुराना आणि रॉबर्ट हॉली या तिघांना मिळाले.

एखादे अक्षर गळले किंवा जास्तीचे शिरले तर?

कोडॉनमध्ये मोकळी जागा नसते. तीन-तीन मोजत जायचे, बस. मराठीतच करून बघा. तीन-तीन अक्षरांत वाचा:

मदन कमळ उचल

आता ‘क’ गाळा आणि पुन्हा तीन-तीनने मोजा:

मदन मळउ चल

गळले एकच अक्षर, पण त्याच्यापुढचे सगळे बिघडले. आता ‘कमळ’ची तिन्ही अक्षरे एकदम गाळा: ‘मदन उचल’. काय उचलायचे ते कळत नाही, पण पुढचा शब्द तरी शाबूत राहतो. म्हणून तीन अक्षरे जाण्यापेक्षा एक जाणे सहसा जास्त नुकसानीचे असते. भारतात आढळणाऱ्या थॅलेसेमियाच्या बदलांपैकी एकात बीटाच्या ४१ व्या-४२ व्या कोडॉनपाशी चार अक्षरे गळालेली असतात. चार म्हणजे तीन अधिक एक. तिथून पुढची मोजणी चुकते, थोड्याच अंतरावर अवेळी ‘थांबा’ येतो आणि साखळी निकामी होते.

कोडॉनवरून योग्य अमिनो आम्ल ओळखतो कोण?

इथे बरेच जण रायबोझोमचे, म्हणजे प्रथिनाची साखळी जोडणाऱ्या यंत्राचे, नाव घेतात. ते बरोबर नाही. रायबोझोम अमिनो आम्लाकडे फारसे बघतच नाही.

ओळखण्याचे काम दोन टप्प्यांत होते. टी-आरएनए हा ७०-९० अक्षरांचा, घडी पडलेला छोटा रेणू असतो. त्याच्या एका बाजूला कोडॉनशी जुळणारी तीन अक्षरे असतात आणि दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल बसवायची जागा. कोणत्या टी-आरएनएवर कोणते आम्ल बसवायचे हे वेगळीच विकरे ठरवतात. प्रत्येक आम्लासाठी आपापले विकर असते. जनुकातली अक्षरे आणि प्रथिनातली आम्ले यांची गाठ खऱ्या अर्थाने फक्त या विकरांना माहीत असते. चुकीचे आम्ल बसले तर यातली काही विकरे ते तोडून पुन्हा बसवतात. तिथून सुटलेली चूक मात्र रायबोझोम पकडू शकत नाही, कारण तो फक्त तीन अक्षरे जुळली की नाही तेवढेच तपासतो.

मग रायबोझोम नेमके काय करतो?

एम-आरएनएला पकडतो, त्यावरून तीन-तीन अक्षरे सरकतो, जुळणारा टी-आरएनए बसू देतो आणि त्याच्यावरचे आम्ल वाढत्या साखळीला जोडतो. माणसाच्या रायबोझोममध्ये सुमारे ८० प्रथिने आणि चार आरएनए असतात. त्याचे दोन भाग असतात, छोटा वाचतो आणि मोठा जोडतो.

या जागी कारखान्याचे उदाहरण देण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. कारखान्यात मुकादम असतो, माल कुठून कुठे न्यायचा हे कुणीतरी सांगतो. पेशीत सांगणारे कुणीच नाही. सगळे रेणू पाण्यात वेड्यासारखे इकडून तिकडे आपटत असतात. रायबोझोमच्या तोंडाशी एकामागून एक टी-आरएनए येऊन धडकतात, त्यातले बहुतेक चुकीचे असतात आणि परत जातात. बरोबर जुळणारा येतो तेव्हाच रायबोझोमचा आकार किंचित आवळला जातो आणि पुढचे पाऊल पडते. एवढ्या गोंधळातून हजार ते दहा हजार आम्लांमागे एखादीच चूक होते.

हे आवळणे कसे होते, ते वेंकटरामन रामकृष्णन यांच्या कामातून उलगडले. जन्म चिदंबरमचा, शिक्षण बडोद्यात, आणि पीएचडी जीवशास्त्रात नव्हे तर भौतिकशास्त्रात. २००० मध्ये केंब्रिजमधल्या त्यांच्या गटाने जिवाणूंच्या रायबोझोमच्या छोट्या भागाची जवळजवळ अणूअणूची रचना मांडली. त्याच सुमारास थॉमस स्टाइट्झ यांच्या गटाने मोठ्या भागाची मांडली, आणि हे होऊ शकते असा हट्ट धरून ॲडा योनाथ १९८० पासून रायबोझोमचे स्फटिक बनवत बसल्या होत्या. तिघांना २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या रचनांमधून आणखी एक गोष्ट निर्विवाद झाली: अमिनो आम्ले जोडण्याची प्रत्यक्ष जागा प्रथिनाची नाही, आरएनएची आहे. प्रथिने बनवणारे यंत्र मुळात आरएनएचे, हे कळल्यापासून जीवनाच्या सुरुवातीला आरएनए होता असे मानणाऱ्यांचे पारडे जड झाले.

वेग किती असतो?

माणसाच्या पेशीत सेकंदाला साधारण पाच अमिनो आम्ले, जिवाणूंत त्याच्या तिप्पट-चौपट. बीटाची साखळी १४७ आम्लांची. अर्ध्या ते एका मिनिटात एक तयार होते, मग पहिले मेथिओनिन छाटले जाते आणि १४६ उरतात. एकाच एम-आरएनएवर एकामागोमाग अनेक रायबोझोम चालतात. सशाच्या कोवळ्या लाल पेशींत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीतून हे दिसले, एका धाग्यावर चार-पाच रायबोझोम ओवलेले. एका लाल पेशीत शेवटी सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिन रेणू भरतात, ते असेच.

साखळी तयार झाली की प्रथिन झाले का?

अजून नाही. साखळीची घडी बसावी लागते. बीटाच्या साखळीला विशिष्ट घड्या पडतात, मधल्या खाचेत ‘हीम’ बसते, त्याच्या मधोमध लोहाचा एक अणू. मग दोन अल्फा आणि दोन बीटा जुळतात. लोह कमी पडले तर लाल पेशीतले एक विकर प्रथिन बनवण्याची गती स्वतःहून उतरवते, कारण हीमशिवाय साखळ्या साचणे पेशीला घातक असते. लोहाच्या कमतरतेने पांडुरोग झालेल्या माणसाच्या लाल पेशी फिकट आणि छोट्या दिसतात त्या यामुळे. जनुकात काहीही बिघाड नसतो.

सिकलसेलमध्ये नेमके काय बिघडते?

एक अक्षर. बीटाच्या एम-आरएनएवर एका ठिकाणी जीएजी असते, म्हणजे ग्लुटामिक आम्ल. सिकलसेलमध्ये तिथे जीयूजी येते, म्हणजे व्हॅलिन. जुन्या रिपोर्टांत ही जागा सहावी लिहिलेली असते, नव्या जनुकीय रिपोर्टांत सातवी. दोन्ही एकच. सुरुवातीचे छाटले जाणारे मेथिओनिन मोजायचे की नाही, एवढाच फरक.

ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, त्याला पाणी चालते. व्हॅलिन तेलकट स्वभावाचे, ते पाण्यापासून पळते. ही जागा हिमोग्लोबिनच्या बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. प्राणवायू सोडून दिल्यावर हिमोग्लोबिनचा आकार बदलतो आणि शेजारच्या रेणूवर एक तेलकट खाच उघडी पडते. व्हॅलिन नेमके त्या खाचेत जाऊन बसते. मग दुसऱ्याला तिसरा चिकटतो, तिसऱ्याला चौथा, आणि पेशीत ताठ दोऱ्या तयार होतात. पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि हाडे-सांधे, पोट, छाती ठणकू लागतात. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते.

हा आजार रेणूत आहे, हे १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले. फरक फक्त एका अमिनो आम्लाचा आहे, हे व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५७ पर्यंत सिद्ध केले. तेव्हा कोडॉनचा तक्ता अस्तित्वातही नव्हता, म्हणजे प्रथिनातली चूक आधी सापडली आणि अक्षरातली नंतर समजली. भारतात सिकलसेल पहिल्यांदा नोंदवला गेला तो १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींत.

माझा रिपोर्ट ‘एएस’ आहे, तर मला त्रास का नाही?

कारण तुमच्याकडे बीटाच्या दोन प्रती आहेत आणि पेशी दोन्ही वाचते. एक चांगली साखळी (‘ए’) बनवते, दुसरी सिकलची (‘एस’). तुमच्या रक्तात सिकलचे हिमोग्लोबिन निम्म्याहून कमी भरते, कारण अल्फा साखळीला चांगल्या बीटाशी जुळणे अधिक सोपे जाते. चांगले रेणू मध्ये आल्यामुळे दोऱ्या सहसा लांबत नाहीत. तुम्ही वाहक आहात, रुग्ण नाही. ‘एसएस’ म्हणजे दोन्ही प्रती सिकलच्या.

वाहकांना फॅल्सिपॅरम मलेरिया गंभीर होण्यापासून बरेच संरक्षण मिळते. ज्या भागांत पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथेच हे जनुक का टिकून राहिले, त्याचे उत्तर यात आहे. लग्नाच्या बोलण्यात ‘रक्तात दोष’ असे म्हणून एखाद्या मुलीला नाकारण्यात काडीचाही अर्थ नाही.

डीएनए सगळ्या पेशींत सारखाच, तर डोळ्यात हिमोग्लोबिन का बनत नाही?

जनुक असणे आणि ते वाचले जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत. डोळ्याच्या पेशीत बीटाचे जनुक आहे, पण ते घट्ट गुंडाळलेले असते. ते उघडणारी प्रथिने त्या पेशीत नसतात. अस्थिमज्जेतल्या लाल पेशींच्या पूर्वजांत ती असतात. पुढे पक्व होताना लाल पेशी आपले केंद्रक बाहेर टाकते. त्यानंतर एक-दोन दिवस आधीच काढून ठेवलेल्या एम-आरएनएवर काम चालते आणि मग तेही संपते.

वेळेचेही असेच आहे. पोटातल्या बाळात बीटा जवळपास बंद असते आणि तिच्या जागी गॅमा साखळी बनते. गॅमावाले हिमोग्लोबिन आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घ्यायला जास्त समर्थ असते. जन्मानंतर गॅमा हळूहळू बंद पडते आणि बीटा सुरू होते. म्हणून एसएस बाळ पहिले काही महिने अगदी ठणठणीत दिसते आणि सहा महिन्यांच्या आसपास हातापायाची बोटे सुजू लागतात. हायड्रॉक्सियुरिया हे औषध या गॅमाला थोडे पुन्हा जागे करते.

जनुकीय उपचाराने हे अक्षर दुरुस्त करतात का?

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मंजूर केलेल्या कॅसजेव्ही या उपचारात बिघडलेल्या अक्षराला हातच लावत नाहीत. गॅमाला दाबून ठेवणारे बीसीएल११ए नावाचे एक प्रथिन आहे. रुग्णाच्या रक्ताच्या मूलपेशी बाहेर काढून, त्यात बीसीएल११एला लाल पेशींत चालू करणारी जागा डीएनए कापणाऱ्या क्रिस्पर तंत्राने तोडतात आणि पेशी परत देतात. गॅमा पुन्हा बनू लागते. त्याआधी जुनी अस्थिमज्जा रिकामी करायला जड केमोथेरपी घ्यावी लागते. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर जाहीर झाली. विज्ञान अप्रतिम, पण मेळघाटातल्या कुटुंबाला आज उपयोगाची गोष्ट हायड्रॉक्सियुरिया वेळेवर मिळणे हीच आहे.

अँटिबायोटिक घेतले की आपलेही रायबोझोम बंद पडत नाहीत का?

जिवाणूंच्या आणि आपल्या रायबोझोमच्या रचनेत फरक आहे, त्याचाच फायदा घेतला जातो. डॉक्सिसायक्लिन, ॲझिथ्रोमायसिन, क्षयरोगातले स्ट्रेप्टोमायसिन ही सगळी जिवाणूंच्या रायबोझोमवर बसतात. पेनिसिलिन मात्र या गटातले नव्हे. आपल्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाचे रायबोझोम जिवाणूंच्या जातकुळीतले असल्याने काही औषधांचे दुष्परिणाम तिथे होतात. स्ट्रेप्टोमायसिनने काही जणांची ऐकण्याची शक्ती जाते, त्यामागे हेही एक कारण असते.

उलट एरंडीच्या बीतले रायसिन आपल्याच रायबोझोमवर उठते. त्याच्या आरएनएतले एकच ठरावीक ए अक्षर ते उपटते आणि रायबोझोम कायमचा निकामी होतो. रायसिन तेलात उतरत नाही, पेंडीत राहते. म्हणून एरंडेल चालते, पण पेंड गुराढोरांपासून आणि कुत्र्यांपासून लांब ठेवावी लागते. घटसर्पाचे विषही प्रथिने बनणेच थांबवते, फक्त त्याचा घाव रायबोझोमला पुढे सरकवणाऱ्या प्रथिनावर असतो.

अंडी, डाळ खाल्ली की तीच प्रथिने अंगाला लागतात का?

तशीच्या तशी नाही. पचनात त्यांची अमिनो आम्ले सुटी होतात आणि पेशी ती आपल्या सूचनांप्रमाणे पुन्हा जोडते. वीसपैकी नऊ आम्ले आपले शरीर बनवू शकत नाही, ती जेवणातूनच यायला हवीत. एखादे कमी पडले तर रायबोझोम त्या कोडॉनपाशी खोळंबतो. तांदूळ-ज्वारीत लायसिन कमी असते, डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, धान्यात त्या मानाने बरे. वरण-भात आणि पिठलं-भाकरी हे त्यामुळे प्रथिनांच्या दृष्टीनेही चांगले जेवण आहे.

एम-आरएनए लशीने आपला डीएनए बदलतो का?

नाही. लशीतला एम-आरएनए केंद्रकात जात नाही. तो बाहेरच्या रायबोझोमवर वाचला जातो, विषाणूचे काटेरी प्रथिन बनते आणि एम-आरएनए काही दिवसांत मोडतो. आरएनएचा डीएनए करायला एक खास विकर लागते, ते एचआयव्हीसारखे विषाणू स्वतःबरोबर आणतात. लशीत ते नसते.

आणि भारतात बहुतेकांनी घेतलेली कोव्हिशील्ड एम-आरएनए लस नव्हतीच. तिच्यात निरुपद्रवी केलेल्या ॲडेनोव्हायरसमधून डीएनए जातो, तो केंद्रकात पोचतो, त्यावरून एम-आरएनए निघतो आणि मग प्रथिन बनते. मात्र तो डीएनए आपल्या गुणसूत्रांत शिरवण्याची यंत्रणा त्या विषाणूकडे नसते. कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला पूर्ण विषाणू होता. भारतीय बनावटीची पहिली एम-आरएनए लस पुण्याच्या जिनोव्हा कंपनीची. तिला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली आणि ती साध्या फ्रिजच्या २ ते ८ अंश तापमानात ठेवता येते.

माणसाचे जनुक जिवाणूत घातले तर तो माणसाचे प्रथिन बनवतो?

हो, कारण कोडॉनचा तक्ता जवळपास सगळ्या सजीवांत एकच आहे. मधुमेहींना मिळणारे मानवी इन्सुलिन १९८२ पासून असेच येते, जिवाणूंत किंवा यीस्टमध्ये बनवलेले. मात्र जिवाणूंना बिनकामाचे तुकडे कापता येत नाहीत, म्हणून जनुक आधीच कापून-जोडून द्यावे लागते. तक्त्याला थोडे अपवादही आहेत. आपल्याच मायटोकॉन्ड्रियात यूजीए म्हणजे ‘थांबा’ नसून ट्रिप्टोफॅन असते.

नवरा-बायको दोघेही एएस असतील तर?

प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, एएस असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी, म्हणजे एए असण्याची २५ टक्के. पहिली तीन मुले चांगली झाली म्हणून चौथे एसएस होणार असे नाही, आणि पहिले एसएस झाले म्हणून पुढची सुटली असेही नाही. दर खेपेला हिशेब नव्याने. गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्याच्या आसपास वारेचा बारीक नमुना घेऊन बाळाच्या बीटा जनुकाची तपासणी करता येते, त्यासाठी आधी आई-वडिलांचे रिपोर्ट हातात असावे लागतात.

एक गोष्ट सहसा राहून जाते. जोडीदाराची फक्त सोल्युबिलिटी चाचणी (सिकलचे हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच सांगणारी) करून ‘सिकल नाही’ असे कळले, तरी तो थॅलेसेमियाचा वाहक असू शकतो. एका बाजूने सिकलची बीटा आणि दुसऱ्या बाजूने थॅलेसेमियाची बीटा आली, तरी बाळाला सिकलसेलसारखाच आजार होतो. तेव्हा एएस व्यक्तीच्या जोडीदाराची एचपीएलसी, म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी, तपासणी करून घ्या.